एक लाख जिवाणू, एक बोंड आणि म्होरक्या कुणीच नाही

जिवाणू म्हणजे एकपेशीय जीव, हे वाक्य शाळेत आपण सगळ्यांनीच घोकलंय. परीक्षेपुरतं ते पुरतंही. पण मातीत राहणारे काही जिवाणू या वाक्याला जुमानत नाहीत. अन्न संपलं की त्यांच्यातले लाखभर जण एका जागी जमतात, एकमेकांच्या अंगावर चढतात आणि दोन-तीन दिवसांत पिवळसर केशरी रंगाचा एक इवला गोळा उभा करतात. उंची जेमतेम मिलिमीटरचा दहावा भाग. आत दाटीवाटीने बीजाणू भरलेले. बीजाणू म्हणजे जाड कवच घालून झोपी गेलेली पेशी. कोरड, उष्णता, उपासमार सगळं सोसून ती चांगल्या दिवसांची वाट बघत पडून राहते.

या जिवाणूचं नाव मिक्सोकॉकस झँथस. त्याच्या गोळ्याला शास्त्रज्ञ ‘फ्रूटिंग बॉडी’ म्हणतात. मी बोंड म्हणणार आहे, कारण कापसाच्या बोंडासारखंच याच्याही पोटात बी असतं.

अशी बोंडं अभ्यासकांना फार पूर्वीपासून दिसत होती, पण ती बुरशीच्या यादीत टाकलेली होती. एवढी घडीव वस्तू जिवाणू बांधत असतील, हे कुणाच्या डोक्यात येणार? १८९२ साली हार्वर्डच्या रोलंड थॅक्स्टर यांनी ती वाढवून, दिवसेंदिवस निरखून दाखवून दिलं की बांधकाम करणारे साधे काडीसारखे जिवाणू आहेत. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो. यांना एकत्र यायला सांगतं कोण?

सांगणारं कुणी नाही. संदेशाचं काम काही रसायनं करतात आणि ती कशी करतात, हे कळायला आधी एका पेशीच्या जागी उभं राहून बघावं लागतं.

## अंधारातली पेशी

मिक्सोकॉकसची पेशी पाच ते सात मायक्रोमीटर लांब आणि अर्धा मायक्रोमीटर जाड असते. माणसाच्या एका केसाच्या जाडीत अशा शंभराहून जास्त पेशी शेजारी शेजारी मावतील. तिला डोळे नाहीत, कान नाहीत. पोहता येत नाही, फक्त ओल्या पृष्ठभागावर सरपटता येतं. वेग मिनिटाला काही मायक्रोमीटर, म्हणजे स्वतःच्या लांबीएवढं सरकायलासुद्धा मिनिट-दोन मिनिटं. त्यातही आठ-दहा मिनिटं झाली की ती थांबते आणि उलट्या दिशेला निघते. वळत नाही. आगगाडीचं इंजिन मागच्या टोकाला जोडावं, तसं शेपटीचं तोंड होतं.

अशा पेशीला बोंड बांधायचं तर दोन गोष्टी कळायला हव्यात. आपण पुरेसे आहोत का? आणि मी नेमकी कुठे आहे: कडेला, गर्दीत, की गोळ्याच्या आत? या पेशींची सगळी रासायनिक बोलाचाली शेवटी या दोन प्रश्नांपाशीच येते, असं मला वाटतं. गंमत म्हणजे दोन्ही प्रश्नांची उत्तरं मिळवायच्या तऱ्हा अगदी वेगळ्या आहेत.

## भूक लागलीय, हे कुणी सांगितलं?

पहिली घंटा पेशीच्या आत वाजते. प्रत्येक पेशीत प्रथिनं जुळवणारी यंत्रं असतात, त्यांना रायबोसोम म्हणतात. कच्चा माल म्हणजे अमिनो आम्लं, आणि तो वाहून आणणारे छोटे रेणू असतात. हातोहात विटा पुढे देणारी माणसांची रांग डोळ्यांसमोर आणा. विटा संपल्या तर हात पुढे येतात, पण रिकामे. रायबोसोमजवळ असे रिकामे हात येऊ लागले की शेजारचं एक विकर (रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन, एन्झाइम) कामाला लागतं आणि एक छोटा रेणू भराभर बनवतं. त्याचं नाव पीपीजीपीपी. नाव विसरलात तरी चालेल. हा रेणू वाढला की पेशी वाढ आणि विभाजन आवरतं घेते आणि उपासमारीची जनुकं चालू होतात.

ही घंटा जवळपास सगळ्याच जिवाणूंकडे असते. बहुतेक जण ती ऐकून एकेकटे काटकसर करत बसतात. मिक्सोकॉकस शेजाऱ्यांकडे वळतो.

## आंधळा, पांगळा आणि १९७८ सालचा प्रयोग

शेजाऱ्यांशी बोलणं चालतं, हे सिद्ध करायची युक्ती स्टॅनफर्डच्या डेल कायझर यांच्या प्रयोगशाळेतून आली. कायझर आधी जिवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूंवर काम करून नावाजलेले होते आणि मग या सरपटणाऱ्या काड्यांकडे वळले.

त्यांच्या गटाने जनुकात बिघाड झालेले, बीजाणू न बनवणारे अनेक वाण वेगळे काढले. असा एकेक वाण उपाशी ठेवला तर काहीच होत नव्हतं. पण दोन वेगळे वाण एकत्र कालवले, तर काही जोड्यांत बीजाणू बनू लागले! जनुकांची अदलाबदल झालेली नव्हती. त्या बीजाणूंतून पुढे वाढलेल्या पेशी एकट्या ठेवल्या की पुन्हा तितक्याच नाकाम. आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसावा, तसा प्रकार. एकाला जो पदार्थ बनवता येत नाही तो दुसरा बनवतो, आणि उलट. म्हणजे पेशींबाहेर काहीतरी देवाणघेवाण होतेय. कोण कुणाला तारतो यावरून वाणांचे चार गट पडले: ए, बी, सी, डी. पुढे ‘ई’ची भर पडली.

या पाचांपैकी ए आणि सी सगळ्यात नीट उलगडलेत. तेच बघू.

## ए-संदेश: उपाशी पेशी अन्नच बाहेर टाकते

उपासमार सुरू झाल्यावर तास-दोन तासांत पेशी काही विकरं बाहेर सोडते. ती पेशींच्या पृष्ठभागावरची प्रथिनं कुरतडतात आणि त्यातून सुटी अमिनो आम्लं नि त्यांचे लहान तुकडे भोवतीच्या ओलाव्यात मिसळतात. हाच ए-संदेश. शुद्ध करून पाहिला तेव्हा त्यात टायरोसिन, प्रोलिन, ल्युसिन अशी सहा अमिनो आम्लं महत्त्वाची निघाली. पेशी ज्याच्या अभावी उपाशी आहे, तीच वस्तू!

हे वाचून मी पहिल्यांदा चक्रावलो होतो. भुकेची दवंडी पिटायला कुणी अन्न वाटतं का? पण प्रमाण बघितलं की कोडं सुटतं. पेशींनी संदेश मानावा म्हणून लागणारी मात्रा साधारण १० मायक्रोमोलर, म्हणजे लिटरभर पाण्यात एक-दीड मिलिग्रॅम. एवढ्यावर पोट भरत नाही, मोजणी मात्र होते.

मोजणी कशी? समजा, पूर्ण अंधाराच्या सभागृहात तुम्ही उभे आहात. किती माणसं आलीत ते दिसत नाही. प्रत्येकाने अत्तराचा एकच थेंब शिंपडायचा, असं ठरलंय. वास मंद असेल तर माणसं थोडी, दरवळ असेल तर सभागृह भरलेलं. ए-संदेशाचं तसंच. प्रत्येक उपाशी पेशी थोडंसं टाकते, त्यामुळे एकूण मात्रेवरून उपाशी शेजाऱ्यांची संख्या कळते. मात्रा उंबरठ्याखाली राहिली तर बोंडाचा बेत पुढे सरकत नाही. शंभर पेशींनी रचायला घेतलेलं बोंड कुणाच्याच कामाचं नसतं.

आणि मधेच खरंच अन्न मिळालं तर? सुरुवातीचे तास परतीची वाट मोकळी असते. पेशी सगळा बेत मोडून पुन्हा वाढायला लागतात.

## सी-संदेश: अंगाला अंग लागल्याशिवाय कळत नाही

इथे एक गल्लत हमखास होते. पेशी एका जागी जमतात म्हटल्यावर वाटतं, मध्यभागी कुणीतरी वास सोडत असेल आणि बाकीचे त्या वासाच्या मागावर येत असतील. डिक्टिओस्टेलियम नावाची मातीतली अमीबासारखी पेशी खरोखर असं करते. मात्र ती जिवाणू नाही. मिक्सोकॉकसच्या जमण्यामागची मुख्य खूण वेगळी आहे, आणि ती पाण्यात विरघळून दूर जातच नाही.

तिला सी-संदेश म्हणतात. ते एक प्रथिन आहे आणि पेशीच्या बाहेरच्या आवरणालाच चिकटून असतं. आधी ते लांब असतं. उपासमारीत बाहेर पडणारं एक विकर त्याला कापून आखूड करतं आणि तो आखूड तुकडा कामाचा. चिकटलेलंच असल्यामुळे ते शेजाऱ्याला ‘द्यायचं’ तर अंगाला अंग लागलं पाहिजे.

याचा पुरावा ज्या प्रयोगातून आला, तो मला या सगळ्या विषयात सर्वांत देखणा वाटतो. काही वाणांना सरपटताच येत नाही. त्यांच्याकडे सी-संदेशाचं प्रथिन असतं, तरी त्यांच्यात संदेश पोचत नाही आणि बीजाणू बनत नाहीत. का? प्रथिन तर आहे! स्यूंग किम आणि डेल कायझर यांना शंका आली की हलताच येत नसल्यामुळे या पेशी विस्कटलेल्या काड्यांसारख्या आडव्यातिडव्या पडून राहतात आणि एकमेकींना नीट भिडत नाहीत. मग त्यांनी काय करावं? अतिशय बारीक पॉलिश कागद घेतला, आगारच्या, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीच्या, मऊ थरावर एकाच दिशेने ओढला आणि सूक्ष्म चरे पाडले. त्या चऱ्यांवर हे न हलणारे जिवाणू ओतले. नळीत पेन्सिली सरळ बसाव्यात तशा पेशी चऱ्यांत लांबीच्या दिशेने, टोकाला टोक, कुशीला कूस लावून बसल्या. आणि संदेश पोचू लागला. जिथे ओरखडा नव्हता तिथल्या पेशी ढिम्म. ओरखड्यातल्या पेशी बीजाणू होऊ लागल्या.

१९९० साली हे प्रसिद्ध झालं. पेशीत काहीही बदललेलं नव्हतं, फक्त तिची बसण्याची जागा बदलली होती.

अंधाऱ्या सभागृहात परत चला. वासावरून गर्दी किती ते कळलं, पण तुम्ही रांगेत आहात की दाराशी? समोरच्याच्या खांद्यावर तुमचा हात आणि तुमच्या खांद्यावर मागच्याचा हात असेल, तर दिवा न लावता कळतं. ए-संदेश म्हणजे वास, सी-संदेश म्हणजे खांद्यावरचा हात.

प्रामाणिकपणे सांगायचं तर या हाताची गोष्ट अजून मिटलेली नाही. प्रथिनाला पकडणारा समोरच्या पेशीवरचा ग्राहक रेणू (रिसेप्टर) निर्विवादपणे सापडलेला नाही. २०१५ मध्ये एका गटाने मांडलं की हे प्रथिन मुळात आवरणातली मेदद्रव्यं तोडणारं विकर आहे आणि तुटलेल्या मेदाचे तुकडे हाच खरा संदेश असावा. वाद चालू आहे. भिडल्याशिवाय काम होत नाही, एवढं ओरखड्यांनी दाखवलंय.

## थोडा, मध्यम, भरपूर: एकाच संदेशाचे तीन हुकूम

सी-संदेश थोडा मिळाला तर पेशी लाटांमध्ये हलायला लागतात. सूक्ष्मदर्शकाखालचे फोटो वेगाने चालवून पाहिले की पेशींच्या रांगा तळ्यातल्या तरंगांसारख्या पुढे सरकताना दिसतात. दोन लाटा समोरासमोर आल्या की आरपार गेल्यासारख्या वाटतात, प्रत्यक्षात बहुतेक पेशी धडकून माघारी फिरलेल्या असतात. संदेश आणखी वाढला की पेशींचं ते दर आठ-दहा मिनिटांनी उलटं फिरणं कमी होतं. त्या एकाच दिशेला जास्त वेळ चालतात, प्रवाह तयार होतात, प्रवाहांचे ढीग होतात. ढिगाच्या आत, जिथे सगळीकडून शेजारी खेटलेले असतात, तिथे संदेश सगळ्यात तीव्र. तीच बीजाणू होण्याची पातळी.

यात स्वतःला फुगवत नेणारं चक्र दडलंय. भिडल्याने संदेश मिळतो, संदेशाने पेशी जास्त सी-प्रथिन बनवते आणि जास्त एकवटते, त्याने आणखी भिडणं होतं. नकाशा कुणाकडेही नाही. तरी बीजाणू योग्य जागी, म्हणजे बोंडाच्या पोटातच होतात, कारण बाहेर एकट्या फिरणाऱ्या पेशीला तेवढे खांदे मिळतच नाहीत. त्या बाहेरच्या पेशी काड्यांच्याच रूपात राहतात. थोडंफार अन्न पुन्हा आलं तर त्याचा फायदा त्या उचलत असाव्यात.

## ‘म्हणजे सगळं रसायनच करतं?’

नाही. ही शंका रास्त आहे. गर्दीला स्वतःचं भौतिकशास्त्र असतं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की पेशींचा वेग आणि उलटं फिरण्याचा काळ एवढ्या दोनच गोष्टी बदलल्या, तरी एकसारखा पसरलेला थर आपोआप ढिगांमध्ये फुटतो. वाफेचे थेंब व्हावेत तसा. म्हणजे रसायन प्रत्येक पेशीला ‘तिथे जा’ म्हणून धाडत नाही. ते चालण्याची ढब जराशी बदलतं आणि उरलेलं काम गर्दी करते. मला तर हे स्पष्टीकरण जास्त पटतं, कारण त्यात पेशीकडून हुशारीची अपेक्षा फार कमी आहे.

## मरणाऱ्यांचं काय, आणि फुकट्यांचं?

बोंडात शिरलेल्या सगळ्याच पेशी बीजाणू होत नाहीत. प्रयोगशाळेतल्या मोजमापांत निम्म्याहून जास्त, काही वेळा ८० टक्क्यांपर्यंत पेशी फुटून नष्ट झालेल्या दिसल्यात. त्यांचा माल उरलेल्यांना पोसतो, असं सांगितलं जातं. याला ‘बलिदान’ म्हणायचा मोह होतो. मी तो आवरतो. २००८ मध्ये पेशीला आतून मारणारं एक विशिष्ट विष याला जबाबदार आहे असं मांडलं गेलं, पण नेहमी वापरल्या जाणाऱ्या दुसऱ्या वाणात त्या विषाचं जनुक काढून टाकलं तरी पेशी फुटतच राहिल्या. ठरवून मरणं आणि उपासमारीत मोडून पडणं यांतली रेषा अजून स्पष्ट नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. संदेश बनवायला खर्च होतो. मग जो संदेश न बनवता दुसऱ्याच्या संदेशावर बीजाणू होऊन मोकळा होतो, असा फुकट्या माजणार नाही का? माजतो! ग्रेगरी वेलिसर आणि सहकाऱ्यांनी मिक्सोकॉकस १,००० पिढ्या भरपूर अन्न असलेल्या द्रवात वाढवला. तिथे बोंडाची गरजच नव्हती, त्यामुळे बऱ्याच वंशांची ती कला गेली. यातल्या काही वाणांना मूळ वाणात मिसळलं, तर त्यांनी बीजाणूंमध्ये आपल्या वाट्यापेक्षा जास्त जागा बळकावली. हा अभ्यास २००० सालचा.

पुढचा भाग आणखी रंगतदार. अशा मिश्रणाला उपासमार, वाढ, पुन्हा उपासमार अशा फेऱ्या दिल्यावर फुकटे वाढत गेले, इतके की बोंड बांधणारेच उरले नाहीत आणि वस्ती कोसळली. एका प्रयोगात मात्र कोसळलेल्या वस्तीतून एक नवा वाण निघाला. फुकट्याच्याच वंशात एकच जनुकीय बदल होऊन तो पुन्हा स्वतःच्या बळावर बीजाणू बनवू लागला, आणि जुने फुकटे त्याला लुबाडू शकत नव्हते. २००६ मध्ये हे छापून आलं.

मातीत आणखी एक कुंपण आहे. परक्या वाणाच्या पेशी बहुधा एकाच बोंडात नांदत नाहीत. अगदी काही सेंटिमीटरवरून उचललेले वाणसुद्धा अनेकदा एकमेकांना वळचणीला उभं करत नाहीत. त्यामुळे बोंडात भरणा असतो तो आपल्याच गोतावळ्याचा.

## हे सगळं कशासाठी? एकटा बीजाणू का नको?

कारण हा जिवाणू खातोही घोळक्याने. तो दुसऱ्या जिवाणूंना मारतो आणि पाचक विकरं बाहेर सोडून तिथेच विरघळवतो. एकटा असेल तर विकरं वाहून जातात. १९७७ च्या एका प्रयोगात केसिन या प्रथिनावर वाढवलेल्या दाट वस्तीतल्या पेशी विरळ वस्तीतल्यांपेक्षा वेगाने वाढल्या. तेच प्रथिन आधीच पचवून दिलं तर हा फरक उरला नाही. म्हणून पॅकबंद प्रवास: झोपतानाही लाखभर, उठतानाही लाखभर.

मग याला बहुपेशीय म्हणायचं का? माझ्या मते म्हणायला हरकत नाही, फक्त आपल्यासारखा बहुपेशीय नव्हे. आपण एका पेशीपासून फुटत फुटत वाढतो. हे वेगळे वाढतात आणि अडचणीत एक होतात.

## मातीतला दुसरा घराणेदार

याच मातीत स्ट्रेप्टोमायसिस हा दुसरा जिवाणू आहे. तो बुरशीसारखा धाग्यांचं जाळं विणतो आणि अन्न संपत आलं की हवेत उभे धागे काढून त्यांच्या टोकांना बीजाणूंच्या माळा धरतो. त्याच्या एका जातीत हे सुरू करणारा रेणू १९६७ मध्ये खोखलोव या सोव्हिएत शास्त्रज्ञाच्या गटाने शोधला. नाव ए-फॅक्टर, मिक्सोकॉकसच्या ए-संदेशाशी नात्यागोत्याचा संबंध नाही. त्याची मात्रा फार तर नॅनोमोलर, म्हणजे आधीच्या १० मायक्रोमोलरच्या हजारो पटींनी कमी, तरी पुरते.

हाच रेणू दोन कळी एकदम दाबतो. एक, हवेतल्या धाग्यांची. दुसरी, स्ट्रेप्टोमायसिनची. हो, तेच क्षयावरचं औषध, १९४३ मध्ये सापडलेलं. दोन्ही एकाच वेळी का? एक मानलं गेलेलं उत्तर असं: वरचे धागे वाढवायला खालचं जुनं जाळं स्वतःला विरघळवून माल पुरवतं. अशा वेळी आयतं खायला आलेल्या इतर जिवाणूंना दूर ठेवायला पहारा हवा, आणि प्रतिजैविक हा तो पहारा. म्हणून नवी औषधं शोधणारे लोक या जिवाणूंचे संदेश-रेणू शिंपडून बघतात. प्रयोगशाळेत खाऊनपिऊन सुखी असलेला जिवाणू औषधाची बरीच जनुकं बंदच ठेवतो.

स्ट्रेप्टोमायसिस बीजाणू धरताना आणखी एक पदार्थ सोडतो, जिओस्मिन. ओल्या मातीचा जो वास येतो, त्यातला मोठा वाटा याचा. लिटरभर पाण्यात काही नॅनोग्रॅम असला तरी माणसाच्या नाकाला कळतो. पण तो आपल्यासाठी नाही. २०२० मध्ये दाखवलं गेलं की स्प्रिंगटेल नावाचे, उडी मारणारे मातीतले बारके सहापायी जीव या वासाकडे ओढले जातात. जिओस्मिनचं जनुक चालू करणारी यंत्रणा तीच, जी बीजाणूंची जनुकं चालू करते. स्प्रिंगटेल येतो, जिवाणू चरतो आणि पुढे निघतो. काही बीजाणू त्याच्या अंगाला चिकटलेले असतात, काही त्याच्या विष्ठेतून जिवंत बाहेर पडतात.